एका सेंटच्या पेपरनं अमेरिकेचा वाचक बिघडवला की घडवला?

शाईची_बोटं

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने पोरं झोपली की मी लॅपटॉप उघडून सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची अमेरिकन वर्तमानपत्रं वाचत बसते. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जुन्या पेपरांची लाखो पानं सगळ्यांसाठी फुकट खुली ठेवली आहेत. मला हा नाद लागला तो घराजवळच्या बोटींच्या धक्क्यामुळे. मी न्यू जर्सीत होबोकेनला राहते. इथूनच १४ नोव्हेंबर १८८९ रोजी नेली ब्लाय एक हातपिशवी आणि अंगावरचा पोशाख एवढ्यावर जगप्रदक्षिणेला निघाली आणि ७२ दिवस, ६ तास, ११ मिनिटांनी शेजारच्या जर्सी सिटीत परतली. ती न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड'ची बातमीदार. वाटेत बोट सुटेना म्हणून कोलंबोला पाच दिवस अडकून पडली होती. तिला नक्की किती वेळ लागेल हे ओळखायची स्पर्धा 'वर्ल्ड'नं लावली, तर वाचकांची लाखो कुपनं आली.

आता मुद्दा. या काळाबद्दल कुठेही वाचायला जा, एकच शब्द समोर येतो: पीत पत्रकारिता. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड'चा मालक पुलित्झर आणि 'जर्नल'चा मालक हर्स्ट भांडले, खपासाठी वाटेल ते छापलं, स्पेनशी युद्ध पेटवलं, विषय संपला. पानं वाचताना मला तसं वाटत नाही.

पुलित्झर हंगेरीतून आलेला, यादवी युद्धात लढायला म्हणून बोटीत बसलेला मुलगा. १८८३ मध्ये त्यानं जे गूल्डकडून 'वर्ल्ड' ३ लाख ४६ हजार डॉलरला घेतला तेव्हा खप पंधरा हजारांच्या आसपास होता. पुढच्या वर्षी तो लाखाला पोचला. ही वाढलेली माणसं कोण? बंदरावरचे हमाल, शिवणकाम करणाऱ्या मुली, नुकते बोटीतून उतरलेले लोक. एरवीचे पेपर तीन-चार सेंटांचे, राजकारणी आणि व्यापारी वाचणार. हा दोन सेंटांना आठ पानं द्यायचा आणि सोपं इंग्रजी लिहायचा.

आणि १८८५ मधली ती वर्गणी! फ्रान्सनं स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिला, पण चौथऱ्याला पैसे कमी पडले. पुलित्झरनं जाहीर केलं, एक पैसा द्या नाहीतर डॉलर, प्रत्येकाचं नाव छापीन. पाच महिन्यांत एक लाखावर डॉलर जमले, देणारे सव्वा लाखाच्या आसपास आणि बहुतेकांची रक्कम एक डॉलरहूनही कमी. आयोवातल्या एका बालवर्गानं १ डॉलर ३५ सेंट पाठवले होते. आपल्याकडे गणपतीच्या मांडवात वर्गणीची यादी लागते तेव्हा माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो. त्या मुलांच्या आईबापांनीही तेच केलं असेल. पेपरात नाव यायला तोवर राजकारणी असावं लागे, श्रीमंत असावं लागे, नाहीतर खून करावा लागे.

म्हणून माझं मत: स्वस्त पेपरनं वाचक बिघडवला नाही, घडवला. तुम्हाला काय वाटतं?

कडक_चहा

वाचनखूण साठवली. रात्री निवांत वाचतो.

त्रिज्या

लेखन आवडलं, मत पटलं नाही. वर्गणीची यादी गोड आहे, पण दहा वर्षांनी तोच पुलित्झर आणि हर्स्ट काय करत होते? हर्स्टनं १८९५ मध्ये 'जर्नल' घेतला, एका सेंटाला विकायला काढला, 'वर्ल्ड'च्या रविवार पुरवणीची माणसं दामदुप्पट पगारावर पळवली. त्यात पिवळ्या झग्यातल्या पोराचं चित्र काढणारा औटकॉल्टही गेला. पुलित्झरनं दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पोर काढून घेतलं. एकाच शहरात दोन पिवळी पोरं, म्हणून तर ते 'पिवळं' नाव पडलं.

१५ फेब्रुवारी १८९८ ला हवानाच्या बंदरात 'मेन' युद्धनौकेचा स्फोट झाला, अडीचशेवर खलाशी गेले. कारण कुणालाच माहीत नव्हतं. 'जर्नल'नं गुन्हेगार शोधणाऱ्याला ५० हजार डॉलरचं बक्षीस लावलं. म्हणजे गुन्हेगार आहे हे आधीच ठरवून टाकलं! हर्स्टनं चित्रकार रेमिंग्टनला तार केलीच होती ना, तुम्ही चित्रं पुरवा, युद्ध मी पुरवतो. वाचक घडवणाऱ्याची ही भाषा नव्हे.

संदर्भ_हवा

@त्रिज्या, पिवळं पोर आणि बक्षीस दोन्ही बरोबर. तारेबद्दल मात्र थांबा.

ती तार कुणी पाहिलेली नाही. गोष्ट पहिल्यांदा सांगितली जेम्स क्रीलमन या बातमीदारानं, १९०१ मध्ये. तार गेली म्हणतात तेव्हा, म्हणजे १८९७ च्या सुरुवातीला, तो स्वतः युरोपात होता. शिवाय क्यूबात स्पेनविरुद्ध बंड १८९५ पासूनच पेटलेलं होतं. रेमिंग्टनला पाठवलं होतं ते त्या चालू लढाईची चित्रं काढायला. मग 'युद्ध पुरवतो' याला अर्थच काय राहिला? आणि हवानात येणाऱ्या तारा स्पॅनिश अधिकारी तपासत होते. अशी तार त्यांनी सुखासुखी पोचू दिली असती का?

हर्स्टला मी निर्दोष म्हणत नाही. पण पेपरवाल्यांच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून आपण शंभर वर्षं जी गोष्ट सांगतोय, ती स्वतःच एका पेपरवाल्यानं रंगवलेली आहे. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होतो, कारण कॉलेजात मीही ती परीक्षेत लिहिली होती आणि मला त्याचे गुण मिळाले होते.

त्रिज्या

हे माहीत नव्हतं. तार मागे घेतो. ५० हजारांचं बक्षीस मागे घेत नाही.

जुळारी

शाईताई, तुमचं नाव बघूनच धागा उघडला. माझे वडील सांगलीत एका छापखान्यात चाळीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत होते. म्हणून माझा मुद्दा मालकांबद्दल नाही, यंत्राबद्दल आहे.

आठ पानांचा पेपर रोज काढायचा तर रात्रीतून लाखभर अक्षरं हातानं उचलायची. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजवा हात केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांवर. अक्षर बघायचं नाही, बोटांनाच खण ठाऊक असतो. ओळ भरली की मधल्या जागा कमी-जास्त करून ती घट्ट बसवायची. छपाई झाली की सगळे खिळे धुऊन परत ज्याच्या त्याच्या खणात. हे परत टाकणं वडिलांना सगळ्यात नकोसं वाटे. ते म्हणायचे, जुळवताना निदान मजकूर वाचायला मिळतो.

ऑटमार मर्गेंथालर हा जर्मनीतून बाल्टिमोरला आलेला घड्याळजी. त्यानं या तिन्ही कामांचं एकच यंत्र केलं. ३ जुलै १८८६ ला न्यूयॉर्क 'ट्रिब्यून'मध्ये ते पहिल्यांदा चाललं. माणूस ९० कळांच्या फळ्यासमोर बसतो. कळ दाबली की वरच्या पेटीतून त्या अक्षराचा पितळी साचा घरंगळत खाली येतो. ओळ पुरी झाली की पाचरीसारख्या पट्ट्या वर सरकतात आणि ओळ आपोआप ताणून घट्ट होते. मग वितळलेलं शिसं त्यावर येतं आणि अख्खी ओळ एका तुकड्यात, हात भाजेल इतकी गरम, बाहेर पडते. पुढची करामत बघा. एक लांब दांडा खाली येऊन ते सगळे साचे उचलतो आणि पेटीच्या माथ्यावर नेतो. प्रत्येक साच्याला वेगवेगळे दाते कापलेले असतात, त्यामुळे आपापल्या खणावर आला की तो साचा सुटून आत पडतो. वडिलांचं नकोसं काम यंत्र स्वतः करत होतं.

ओळीचं यंत्र म्हणून लायनोटाइप. त्याआधी आठ पानांच्या पुढे दैनिक नेणं फार कठीण होतं. रविवारच्या त्या जाडजूड पुरवण्या, ज्यांची माणसं पळवली म्हणून त्रिज्या सांगतायत, त्या या यंत्रामुळे भरता आल्या. मर्गेंथालर मात्र १८९९ मध्ये क्षयानं गेला, अवघ्या पंचेचाळीस वर्षांचा असताना.

पारंबी

काका, किती छान सांगितलंत. आपल्या देवनागरीला हे यंत्र लगेच का जमलं नाही?

जुळारी

@पारंबी, काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं! इंग्रजीची केस एका माणसाच्या हाताच्या टप्प्यात मावते. आमच्या मराठी केसचे खण त्याच्या कितीतरी पट. वडील उभ्यानं काम करत आणि दोन पावलं डावी-उजवीकडे सरकत. म्हातारपणीही खुर्चीवर बसून बोलताना ते तसे डोलायचे.

माहीमकर

काकांच्या यंत्रात मी कागद आणि जाहिरात घालतो, म्हणजे हिशेब पुरा होईल.

आधी कागद चिंध्यांपासून व्हायचा. लाकडाच्या लगद्याचा आला आणि १८७० ते १९०० मध्ये अमेरिकेत छपाईच्या कागदाचा भाव सुमारे एक पंचमांशावर उतरला. त्याच वेळी वॉनामेकर, मेसी अशी मोठाली दुकानं निघाली. त्यांना रोज सांगायचं होतं की आज अमुक कापड अमक्या भावात, आणि सांगायचं होतं ते घरातल्या बायकांना. म्हणून पेपरात बायकांचं पान आलं. विक्रीतून सुटतील ते सेंट, पोट भरणार दुकानदार. १८७० मध्ये देशात ५७४ दैनिकं होती, १९०० मध्ये २,२२६. हा आकडा नुसत्या सनसनाटीनं येत नाही.

शिकागोची एक गोष्ट. मेल्व्हिल स्टोननं १८७६ च्या सुमारास एका सेंटाचा 'डेली न्यूज' काढला, पण शिकागोत सुटे सेंट कुणाकडे नसायचेच. त्यानं फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून पिंपंच्या पिंपं सेंट मागवले आणि दुकानदारांना गळ घातली की माल एक डॉलरला न विकता ९९ सेंटांना विका. गिऱ्हाइकाच्या हातात एक सेंट परत येईल आणि दाराबाहेर पेपरवाला पोरगा उभा असेल.

स्टोनचा आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. मॅकमलन बंधूंचा पेपर त्याच्या बातम्या सर्रास उचलायचा. स्टोननं सर्बियातल्या दुष्काळाची एक बनावट बातमी छापली आणि तिथल्या महापौराच्या तोंडी सर्बियन वाटेल असं एक वाक्य घातलं. मॅकमलननी ते जसंच्या तसं उचललं. मग स्टोननं सांगितलं, आता हे उलटं वाचा. इंग्रजीत अर्थ निघत होता: 'मॅकमलन हे नक्की चोरणार.' सगळं शिकागो हसलं. थोड्याच काळात तो पेपर स्टोननं विकत घेतला.

कडक_चहा

रात्री वाचणार होतो, ऑफिसातच वाचून झालं. ९९ रुपयांच्या पाटीकडे आता वेगळ्या नजरेनं बघणार. 😄

पारंबी

बाटाच्या चपलांची आठवण आली.

गोदाकाठ

धागा छान चालला आहे, पण दोन दिवस वाचून एक गोष्ट टोचते आहे. शाई, तू 'वाचक' म्हणतेस तो कोणता वाचक? सगळा धागा न्यूयॉर्क आणि शिकागोच्या गोऱ्या मालकांचा झाला आहे.

मेंफिसमध्ये आयडा बी. वेल्स नावाची तरुण शिक्षिका होती. गुलामीत जन्मलेली, १८६२ ची. १८८९ मध्ये ती 'फ्री स्पीच' या पेपरची भागीदार झाली. तो पेपर गुलाबी कागदावर निघायचा. कारण ऐक. तिच्या वाचकांत अक्षरओळख नसलेलेही खूप होते. ते पेपर विकत घ्यायचे आणि कुणाकडून तरी वाचून घ्यायचे. विक्रेते त्यांना फसवून दुसराच पेपर हातात द्यायचे. गुलाबी कागद केल्यावर फसवता येईना. मला हे कळलं तेव्हा माझी आजी डोळ्यांसमोर आली. तिला वाचता येत नव्हतं, पण पोथी कुठली आणि हिशेबाची वही कुठली हे ती बांधणीच्या रंगावरून सांगायची.

९ मार्च १८९२ ला मेंफिसमध्ये तीन काळ्या माणसांना तुरुंगातून ओढून नेऊन मारलं. टॉमस मॉस, कॅल्विन मॅक्डॉवेल, विल स्टुअर्ट. गुन्हा एवढाच, की त्यांचं किराणा दुकान समोरच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांवर आलं होतं. मॉस तिचा मित्र, त्याच्या मुलीची ती धर्ममाता. आयडानं लिहिलं की हे शहर सोडून चला, आणि लोक खरंच हजारोंनी निघून गेले. ट्राम रिकाम्या धावू लागल्या. मग तिनं लिंचिंगच्या, म्हणजे जमावानं खटल्याशिवाय ठार मारण्याच्या, एकेका घटनेची चौकशी सुरू केली आणि बलात्काराचा आरोप किती वेळा खोटा असतो ते छापलं. २७ मे ला जमावानं छापखाना फोडला. ती परगावी होती म्हणून वाचली, पुढे तीस वर्षं मेंफिसला पाऊल टाकलं नाही. न्यूयॉर्कच्या 'एज' या काळ्या समाजाच्या पेपरनं तिला जागा दिली.

लिंचिंगच्या बातम्या मोठ्या पेपरांतही येत होत्या. बहुतेकांनी जमावाचं म्हणणंच छापलं. आकडेवारी लावून 'हे खोटं आहे' म्हणायला ही बाई लागली.

आणि शाई, तू वाचतेस त्या संग्रहात तिचा पेपर शोधून बघ. मिळणार नाही. 'फ्री स्पीच'चा अंकच शिल्लक राहिलेला नाही.

संदर्भ_हवा

गोदाकाठ, नमस्कार घ्या. हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका, कृपया.

चिंचपोकळी_फास्ट

अवांतर: याच काळात आपली आनंदीबाई जोशी अमेरिकेत होती! १८८३ ला गेली, ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली. तिचं जाणंही एका छापील कागदामुळेच. गोपाळरावांचं पत्र मिशनरी मासिकात छापून आलं, ते न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटर मावशींनी दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत वाचलं. त्यांनी तो अंक उघडला नसता तर? शाईची_बोटं, रोझेल तुमच्यापासून किती लांब?

शाईची_बोटं

@चिंचपोकळी_फास्ट, ट्रॅफिक नसेल तर अर्धा तास. जाऊन आले आहे. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाईही हजर होत्या, पुढे दोन वर्षं अमेरिका फिरल्या.

त्रिज्या

आपल्याकडचा विषय निघालाच आहे तर तारखा बघा. १४ सप्टेंबर १८९७ ला 'केसरी'तल्या लिखाणासाठी टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. बरोबर एका आठवड्यानं, २१ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या 'सन'नं आठ वर्षांच्या व्हर्जिनियाच्या पत्राला उत्तर देणारा तो प्रसिद्ध अग्रलेख छापला: होय, सांताक्लॉज आहे. एकीकडे संपादक तुरुंगात, दुसरीकडे संपादकाला लहान मुलीशी बोलायला पानावर जागा. मी हर्स्टवर चिडतो ते यासाठी. ज्यांना कुणी अडवत नव्हतं त्यांनी त्या मोकळिकीचं काय केलं?

माहीमकर

@त्रिज्या, सगळ्यांनी तेच नाही केलं. १८९६ मध्ये ॲडॉल्फ ऑक्स या टेनेसीच्या माणसानं मरायला टेकलेला न्यूयॉर्क 'टाइम्स' घेतला, खप नऊ हजार. १८९८ च्या ऑक्टोबरात, युद्धाच्या बातम्यांत इतरांपुढे टिकाव लागेना तेव्हा, त्यानं किंमत तीन सेंटांवरून एकावर आणली. मजकूर तसाच सोवळा ठेवला. वर्षात खप पंचवीस हजारांवरून पंचाहत्तर हजारांवर गेला. म्हणजे दोष एका सेंटाचा नव्हता. एका सेंटात काय विकायचं हे मालक ठरवत होता.

पारंबी

आणि तो सेंट गोळा कोण करत होतं? पोरं! त्यांच्याबद्दल कुणीच लिहिलं नाही.

पेपरवाली पोरं शंभर अंक ५० सेंटांना घ्यायची आणि एकेक सेंटाला विकायची. उरले तर तोटा पोराचा. युद्धाच्या दिवसांत खप अफाट वाढला तेव्हा मालकांनी शेकड्याचा भाव ६० केला. युद्ध संपलं, इतरांनी भाव खाली आणले, 'वर्ल्ड' आणि 'जर्नल'नं नाही. जुलै १८९९ मध्ये पोरांनी संप केला. दहा-बारा वर्षांची मुलं ब्रुकलिन पुलावर हजारोंनी उतरली, त्या दोन पेपरांचे गठ्ठे फाडले. दोन आठवड्यांत पुलित्झर आणि हर्स्ट, जे एकमेकांचं तोंड बघत नव्हते, दोघंही वाकले. भाव ६० च राहिला, पण उरलेले अंक परत घ्यायचं कबूल केलं.

मी लहानपणी डोंबिवली स्टेशनबाहेर दादाबरोबर संध्याकाळचे पेपर विकले आहेत. उरलेले अंक परत घेतात की नाही यावर त्या दिवशी घरी दूध येणार की नाही ते ठरायचं. त्या पोरांनी भावाचा हट्ट सोडून परतीवर तडजोड का केली, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

जुळारी

पारंबी, बाळा, तुझ्या दादाला माझा नमस्कार सांग.

शाईची_बोटं

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण गोदाकाठ म्हणाली ते करून बघत होते.

'फ्री स्पीच' मिळाला नाही. मग मी १८९२ च्या मे-जूनमधले इतर पेपर घेऊन 'मेंफिस' शब्दानं शोधत बसले. तिचे शब्द दिसतात ते दुसऱ्यांच्या रकान्यांत, बहुतेक तिला शिव्या देण्यासाठी छापलेले. ज्यांनी तिचा छापखाना मोडायला लोकांना चिथावलं, त्यांच्याच पानांवर तिची वाक्यं शिल्लक राहिली आहेत.

मग 'इव्हिनिंग वर्ल्ड'ची १८९० च्या जानेवारीतली पानं परत उघडली, नेली ब्लाय परतल्याची. तिच्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. १८८७ मध्ये वेडाचं सोंग घेऊन ती ब्लॅकवेल बेटावरच्या इस्पितळात दहा दिवस राहिली, बर्फासारख्या पाण्याच्या अंघोळी सोसल्या, आणि तिच्या लेखांमुळे चौकशी बसली, शहरानं पैसे वाढवून दिले. हे 'वर्ल्ड'शिवाय झालं नसतं. पण या वेळी पान मोठं करून बघितलं ते कागदासाठी. माहीमकरांचा लाकडी लगदा. कडा कुरतडल्यासारख्या, घड्यांवर अक्षरं उडालेली. हा कागद टिकण्यासाठी केलेलाच नव्हता. ज्यांच्या मागे पैसा आणि मोठा खप होता त्यांचे अंक कुणीतरी जपले, नंतर फिल्मवर उतरवले. गुलाबी कागदाचं ते भाग्य नव्हतं.

म्हणून माझ्या प्रश्नात दुरुस्ती करते. वाचक घडवला यावर मी ठाम आहे. पण तो एका सेंटानं एकट्यानं घडवला नाही. गुलाबी पेपर विकत घेऊन शेजाऱ्याकडून वाचून घेणारा माणूस पुलित्झरच्या खपाच्या आकड्यात कुठेच नाही, आणि मला आता त्याच्याबद्दल वाचायचं आहे. गोदाकाठ, 'एज'चे जुने अंक कुठे बघायला मिळतील?

गोदाकाठ

व्यक्तिगत निरोप केला आहे. १८९२ च्या जूनपासून सुरू कर. तिचा पहिला मोठा लेख तेव्हाचाच आहे.